लक्ष कुठं होतं?

चालायला नुकतंच शिकलेलं मूल तासाभरात किती वेळा पडत असेल? न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे खरोखर मोजलं. 2012 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं मोकळेपणी खेळत असताना त्यांनी त्यांचं चालणं टिपलं आणि सरासरी काढली. तासाला 2,368 पावलं, आणि त्याच तासात 17 वेळा पडणं. म्हणजे साधारण साडेतीन मिनिटांनी एकदा. यातलं बहुतेक पडणं बुडावरचं असतं. मूल धपकन बसतं, इकडंतिकडं बघतं, कुणाचं लक्ष नाही असं दिसलं की न रडता उठतं आणि पुढं निघतं. एखादंच पडणं तोंडावर होतं.

माझं काम त्या एखाद्या पडण्याशी आहे. मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर. किडलेले दात हे रोजचं काम, पण मधूनच दार धाडकन उघडतं आणि न ठरवता आलेली मंडळी आत येतात. मूल कडेवर, आईच्या खांद्यावर रक्ताचा डाग, मागं बाबा, त्यांच्यामागं आजी. मूल बहुधा तोवर शांत झालेलं असतं. बोलतात ती मोठी माणसं, आणि बोलणं मुलापासून सुरू होत नाही. “मी फक्त पाणी आणायला आत गेले होते,” असं आई न विचारता सांगून टाकते. कारण येताना वाटेत कुणीतरी तिला विचारलेलंच असतं : लक्ष कुठं होतं तुझं?

मला या प्रश्नाचा राग आहे. तो बाबांना सहसा विचारला जात नाही, हे एक कारण झालं. दुसरं कारण कामाचं आहे. हा प्रश्न गुन्हेगार शोधतो, आणि गुन्हेगार सापडला की शोध थांबतो. मग टेबलाचा कोपरा, वॉकर, तोंडातली चोखणी, पुढं आलेले दात यांच्याकडं कुणी वळून बघत नाही. तासाला सतरा वेळा पडणाऱ्या जिवाला केवळ नजरेनं सावरणं कुणालाही शक्य नाही. आईला तर नाहीच, तिला त्याच तासात आणखी दहा कामं असतात.

तपासणीपासून सांगते. दीड-दोन वर्षांच्या मुलाला मोठ्या खुर्चीत झोपवायचा खटाटोप मी करत नाही. आई आणि मी समोरासमोर बसतो, गुडघ्याला गुडघे लावून. मूल आईच्या मांडीवर तिच्याकडं तोंड करून बसतं, पाय तिच्या कमरेभोवती, आणि मग हळूच मागं झुकवून त्याचं डोकं माझ्या मांडीवर येतं. त्याला आईचा चेहरा दिसत राहतो, मला तोंडाच्या आतलं सगळं दिसतं. मूल रडतं. रडू द्यावं, रडताना तोंड छान उघडतं.

पण दातांकडं वळायच्या आधी काही प्रश्न असतात. पडल्यावर बेशुद्ध झालं होतं का? उलटी झाली का? नेहमीपेक्षा जास्त झोपाळू, सुस्त वाटतंय का? यातल्या कशालाही ‘हो’ आलं तर आधी डोक्याचा डॉक्टर, दात नंतर. दाताचा तुकडा उडाला असेल तर तो मिळाला का? मिळाला नसेल तर मी ओठ बोटांनी चाचपून बघते, कारण तुकडा फाटलेल्या ओठात रुतून बसतो आणि वरून जखम अगदी साधी दिसते. पडल्यापासून मूल सारखं खोकत असेल, श्वासाला घरघर येत असेल, तर तुकडा श्वासनलिकेत गेला नाही ना, हे बघावं लागतं. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे का, तेही विचारते.

मग ओल्या कापसानं रक्त पुसायचं. इथं निम्म्या घरांचा जीव भांड्यात पडतो. तोंडात रक्तवाहिन्या भरपूर, त्यात लाळ मिसळली की थेंबाचा ओघळ होतो. पुष्कळदा सगळा रक्तपात एका बारीक पट्टीचा असतो. वरचा ओठ उचलला की मधोमध हिरडीला जोडणारी एक पातळ पट्टी दिसते. मूल तोंडावर पडलं की ती फाटते, भळाभळा वाहते, आणि ओठ दाबून धरला की थांबते. सहसा टाकेही लागत नाहीत. उलट घरी गेल्यावर ‘बरी झाली का बघू’ म्हणून जो तो ओठ उचलतो, तेव्हा ती परत वाहू लागते. तेवढं करू नका, असं मी आजीकडं बघून सांगते.

आता दात. या वयात मार बसतो तो बहुतेक वेळा वरच्या मधल्या दोन पटाशीच्या दातांना. पडताना नाक आणि हनुवटी यांच्यामध्ये सगळ्यात आधी तेच आपटतात. संपूर्ण शरीराच्या मानानं तोंडाचा भाग जेमतेम एक टक्का, पण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या सगळ्या दुखापतींमध्ये तोंडाच्या दुखापतींचा वाटा सतरा-अठरा टक्क्यांच्या घरात जातो. 2018 साली जगभरच्या अभ्यासांची एकत्र मोजणी झाली, तीत दुधाच्या दातांना मार लागण्याचं प्रमाण 22.7 टक्के आलं. साधारण दर चार-पाच मुलांत एक. जिचा खांदा रक्तानं माखला आहे त्या आईला हा आकडा मी मुद्दाम सांगते. तिला वाटत असतं, जगात एकट्या तिच्याच घरात हे घडलंय.

शाळकरी मुलाचा पक्का दात मार लागला की बहुधा तुटतो, त्याचा कोपरा उडतो. दोन वर्षांच्या मुलाचा दात सहसा तुटत नाही, तो जागा सोडतो. त्या वयात जबड्याचं हाड मऊ आणि लवचीक असतं, दुधाच्या दातांची मुळं आखूड. ओल्या मातीत रोवलेल्या खुंटीवर घाव घातला तर ती मोडत नाही, कलते, हलते किंवा आणखी आत जाते, तसंच. म्हणून मला जे दिसतं त्याची वर्णनं घरच्यांच्या तोंडी अशी असतात : “दात लोंबतोय”, “दात मागं गेलाय”, “दात लांब दिसतोय”. आणि सगळ्यात फसवं, “दात पडून गेला, शोधला पण सापडला नाही.”

असा न सापडलेला दात पुष्कळदा मुलाच्या तोंडातच असतो. हिरडी सुजलेली, दाताच्या जागी रक्ताळलेली खाच, बोट फिरवलं तर खोल कुठंतरी टोक लागतं किंवा तेही लागत नाही. दात वर, हाडात घुसलेला असतो. अशा वेळी एक्स-रे काढायचा, आणि ती एक कसरतच. आईच्या मांडीवर मूल, आईच्या अंगावर शिशाचा कोट, मुलाच्या ओठांमध्ये फिल्म. मग पडद्यावर मी त्या दाताची लांबी शेजारच्या दाताशी ताडून बघते. घुसलेला दात शेजाऱ्यापेक्षा आखूड दिसला तर मला हायसं वाटतं, कारण त्याच्या मुळाचं टोक ओठाच्या बाजूला गेलेलं असतं. लांब दिसला तर टोक मागं, टाळूच्या बाजूला वळलेलं असतं. आणि मागं कुणीतरी आहे.

त्या मागच्या रहिवाशाबद्दल आईवडिलांना सांगणं हे या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं. दुधाच्या दाताच्या मुळामागं, काही मिलिमीटरवर, पक्क्या दाताचा अंकुर हाडात बसलेला असतो. वरच्या मधल्या पक्क्या दाताचं कवच मूल तीन-चार महिन्यांचं असतानाच तयार व्हायला लागतं आणि चार-पाच वर्षांपर्यंत ते काम चालू असतं. दीड वर्षाच्या मुलाचा दुधाचा दात मागं घुसला तर तो धक्का या अर्धवट बनलेल्या दाताला बसू शकतो. त्याचा हिशेब सहा-सात वर्षांचं झाल्यावर कळतो. पक्का दात येतो तेव्हा त्यावर पांढरा किंवा पिवळट-तपकिरी डाग असतो, कधी कवचाला खड्डा, क्वचित दातच वाकडा किंवा उशिरा येणारा. तोवर पडण्याची गोष्ट घरात सगळे विसरलेले असतात. मग डागाचा दोष चॉकलेटवर जातो, नाहीतर टूथपेस्टवर.

म्हणूनच ‘दुधाचाच तर दात, पडणारच होता’ हे वाक्य मला पटत नाही. आणि त्याच कारणानं ‘काहीतरी करा, दात परत बसवा’ हा आग्रहही पटत नाही. दुधाचा दात मुळासकट निघून हातात आला तर तो परत बसवायचा नसतो. तो हिरडीत दाबताना मागच्या अंकुराला इजा होऊ शकते. आई रुमालात जपून आणलेला दात पुढं करते, मी तो हातात घेते, मूळ अख्खं आहे का ते नीट बघते, म्हणजे आत तुकडा राहिला नाही याची खात्री होते, आणि तिला परत देते. तिच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. आठवण म्हणून ठेवा, एवढंच म्हणते.

आत घुसलेल्या दाताचंही तसंच. पूर्वी तो अंकुराच्या दिशेला गेला असेल तर काढून टाकायची शिफारस असे. दंत-आघातांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी ते बदललं. दात कुठल्याही दिशेला घुसला असला तरी त्याला आपोआप खाली यायला वेळ द्यायचा. बहुतेक दात सहा महिन्यांत खाली येतात, काहींना वर्षही लागतं. दुधाच्या दातांच्या बाबतीत या सूचनांचा एकूण कलच हात आखडता घेण्याकडं आहे. लहान मुलाला भूल देऊन, पकडून ठेवून केलेल्या उपचारांची भीती पुढं वर्षानुवर्षं त्याच्या मनात राहते, हा विचार त्यामागं आहे. पण काही न करता वाट बघायला सांगणारा डॉक्टर लोकांना डॉक्टर वाटत नाही. “औषध तरी लिहून द्या” असं सांगणारे बाबा मला नेहमी भेटतात. नुसत्या हललेल्या दाताला अँटिबायोटिक लागत नाही, हे त्यांना पटवण्यात माझी जेवढी शक्ती जाते तेवढी उपचारात जात नाही.

करायचं असतं ते घरीच. आठ-दहा दिवस मऊ जेवण, पुढच्या दातांनी चावून तोडावं लागेल असं काही नाही. आणि स्वच्छता. इथं हमखास गडबड होते : दुखेल म्हणून घरचे त्या दाताला हातच लावत नाहीत, आठवड्यानं येतात तेव्हा हिरडीवर पांढरा थर साचलेला असतो आणि जखम चिघळलेली असते. मऊ ब्रशनं किंवा कापसाच्या बोळ्यानं रोज हळूच पुसायलाच हवं. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं अल्कोहोल नसलेलं सौम्य द्रावण दिवसातून दोनदा, आठवडाभर, असं मी सांगते. चुळा भरायचं वय नसतं, बोळ्यानं लावायचं.

मग काही आठवड्यांनी फोन येतो : “दात काळा पडलाय.” मार लागलेला दुधाचा दात राखाडी होणं अगदी नेहमीचं. आतल्या गाभ्यातलं रक्त दाताच्या भिंतीत झिरपतं, त्याचा तो रंग. काही दातांचा रंग पुढं निवळतो, काहींचा पिवळट होतो, काही तसेच राहतात आणि वेळ झाली की पडतात. नुसत्या रंगासाठी काही करायचं नसतं. बघायचं ते वेगळं. हिरडीवर पुळी आली का, सूज आहे का, दात पुन्हा हलायला लागला का, मूल त्या बाजूला हात लावू देत नाही का. यातलं काही दिसलं तर मात्र लगेच यायचं. फोटोत वाईट दिसतं, हे मान्य. पण दोन वर्षांच्या मुलाला स्वतःच्या दाताच्या रंगाची काडीचीही पर्वा नसते, ती नातेवाइकांना असते.

हे झालं मार लागल्यानंतरचं. आधीचं काय? धोका नेमका कशानं वाढतो?

थोडा भाग शरीराच्या घडणीतच आहे. जन्मतः डोकं शरीराच्या लांबीच्या जवळपास एक चतुर्थांश असतं, मोठ्या माणसात ते एक अष्टमांशापर्यंत येतं. चालायला लागलेल्या मुलाचा तोल असा वरच्या अंगाला जड असतो, अडखळलं की डोकं पुढं. पडताना हात पुढं टाकायची उपजत क्रिया आठव्या-नवव्या महिन्यात दिसू लागते, पण हातात खेळणं असेल तर ते सोडून हात टेकवण्याइतका वेळ मुलाला मिळत नाही. एक ते तीन हे वय म्हणूनच सगळ्यात धोक्याचं. मुलाचं बळ आणि हौस दोन्ही त्याच्या तोलाच्या पुढं धावतात. मुलगे मुलींपेक्षा जास्त पडतात असा समज आहे, शाळेच्या वयात तो बऱ्याच अंशी खराही ठरतो, पण या लहान वयात फरक फारसा नसतो. सगळेच पडतात.

थोडा भाग तोंडाच्या ठेवणीचा. वरचे पुढचे दात खालच्यांपेक्षा तीन मिलिमीटरहून जास्त पुढं असतील तर मार लागायचा धोका सुमारे दुप्पट होतो. ओठ मिटल्यावरही दात झाकले जात नसतील तर आणखी भर, कारण ओठ हीच दातांपुढची एकमेव गादी. या ठेवणीचा काही हिस्सा आनुवंशिक असतो, पण काही हिस्सा आपण घडवतो. दीर्घकाळ चोखणी किंवा अंगठा चोखणाऱ्या मुलाचे वरचे दात पुढं येतात, वरखालच्या दातांत फट पडते आणि ओठ मिटेनासे होतात. चोखणीला सरसकट शिव्या देणाऱ्यांत मी नाही. पहिल्या वर्षात झोपताना चोखणी दिल्यानं झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूचा धोका कमी होतो, हे सिद्ध झालेलं आहे, आणि रात्रभर जागलेल्या आईला तीन तासांची झोप मिळणं ही काही लहान गोष्ट नाही. प्रश्न ती कधी सुटते याचा आहे. तिसऱ्या वर्षापर्यंत सुटली तर दातांची ठेवण पुष्कळदा आपोआप सुधारते. चार-पाच वर्षांपर्यंत चालू राहिली तर सुधारणं अवघड जातं.

उरलेला मोठा भाग घराचा. लहान मुलांचे दात मैदानावर कमी आणि घरात जास्त दुखावतात. मी विचारते, कशावर आपटला? उत्तरं ठरलेली. टेबलाची कड, पलंगाची कड, जिन्याची पायरी, न्हाणीघराची ओली फरशी, पायात मोजे घालून गुळगुळीत जमिनीवर पळणं. तुमच्या घरातली बैठ्या टेबलाची उंची दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडाशी ताडून बघा. बहुतेक वेळा ती बरोबर वरच्या ओठाशी येते. ते टेबल दोन वर्षांसाठी दुसऱ्या खोलीत गेलं तर घराचं काही बिघडत नाही. आणि एक, ज्याच्याकडं कुणी संशयानं बघत नाही : टूथब्रश. ब्रश तोंडात धरून घरभर पळणारं मूल पडलं तर ब्रशची दांडी टाळूत किंवा घशात घुसते. ब्रश करताना बसायचं, एवढा एकच नियम मी फार कडकपणे सांगते.

वॉकरबद्दल मात्र मी मवाळ बोलू शकत नाही. ढकलत चालायचा पांगुळगाडा म्हणत नाही मी, त्यात निदान मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं. आत बसवायचा, गोल, चाकांचा वॉकर. त्यात बसलेलं मूल एका सेकंदात तीन फुटांहून जास्त अंतर कापतं. म्हणजे तुम्ही तीन पावलांवर असलात आणि डोळ्यांत तेल घालून बघत असलात तरी पोहोचत नाही. कॅनडानं 2004 साली वॉकरच्या विक्रीवर, आयातीवर आणि जाहिरातीवर पूर्ण बंदी घातली. अमेरिकेत बंदी नाही. तिथल्या एका अभ्यासात 1990 ते 2014 या काळात वॉकरच्या अपघातांमुळं इस्पितळांच्या तातडीच्या विभागात आलेल्या पंधरा महिन्यांखालच्या मुलांची संख्या 2 लाख 30 हजारांहून जास्त निघाली. दहातल्या नवांना मार डोक्याला किंवा मानेला लागलेला, चारातली तीन जिन्यावरून कोसळलेली. त्यातले बहुसंख्य अपघात मोठं माणूस जवळ असतानाच होतात, असं बालरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आलेत. आणि वॉकरमुळं मूल लवकर चालतं हा समजही खोटा आहे. झालाच तर त्यानं उशीर होतो. एवढं सगळं सांगितल्यावर आई नवऱ्याकडं बघते, नवरा आजीकडं, आणि मला कळतं की वॉकर कुणीतरी हौसेनं भेट दिलेला आहे. भेटवस्तू टाकून देता येत नाही, ही खरी अडचण. चाकं काढून टाका, म्हणते मी. वस्तू घरात राहते, भेट देणाऱ्याचा मानही राहतो.

काही मुलांसाठी हे सगळं आणखी कठीण असतं. फिट येणारी मुलं, सेरेब्रल पाल्सी असलेली, नजर अधू असलेली, स्वस्थ न बसता सतत झेप घेणारी. त्यांच्या बाबतीत मार लागणं एकदाच घडत नाही. खरं तर कुठल्याही मुलात, एकदा दाताला मार लागला की पुन्हा लागण्याची शक्यता वाढते, कारण ज्या कारणांनी तो लागला ती कारणं तशीच घरात आणि तोंडात असतात. म्हणून पहिल्या खेपेलाच घर बदलायची गोष्ट काढायला हवी. नेमक्या त्याच खेपेला घरात आईची उलटतपासणी चालू असते.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार केला, पण लिहायला हवी. क्वचित, फार क्वचित, पडलेलं मूल पडलेलं नसतं. अजून उभंही न राहणाऱ्या बाळाची ती ओठाखालची पट्टी फाटलेली दिसली, किंवा सांगितलेली हकिगत आणि जखम यांचा मेळ बसला नाही, जखम दोन दिवसांपूर्वीची आणि मूल आज आणलेलं, अंगावर वेगवेगळ्या रंगांचे वळ, तर मला थांबून विचार करावा लागतो. एकट्या फाटलेल्या पट्टीवरून काहीच सिद्ध होत नाही, चालत्या मुलात तर ती रोजची गोष्ट. पण हा विचार मनात येऊ द्यावा लागतो. मी मग आवाज न चढवता तोच प्रश्न वेगवेगळ्या माणसांना विचारते : कुठं पडलं, कशावर पडलं, कुणी पाहिलं? आणि बालरोगतज्ज्ञांशी बोलते. शंभर घरांत आईला दोष देणारी माणसं एखाद्या घरात नेमकी गप्प असतात, हे मला या कामात शिकायला मिळालं.

बाकी सगळ्यांना मी पुढच्या तारखा देते. आठवड्यानं, मग दीड-दोन महिन्यांनी, वर्षानं, आणि दात आत घुसला असेल तर मूल सहा वर्षांचं झाल्यावर, पक्का दात येताना. या शेवटच्या तारखेला फार थोडे येतात. येणाऱ्यांना मी त्याच भेटीत एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण आता नियम बरोबर उलटा होतो. सात-आठ वर्षांच्या मुलाचा पुढचा पक्का दात मुळासकट निघाला तर तो परत बसवायचाच असतो, आणि तोही जागेवरच, मिनिटांच्या हिशेबात. दात मुळाला न धरता पांढऱ्या भागाला धरून उचलायचा. घाण लागली असेल तर दुधात किंवा सलाइनमध्ये नुसता हलकेच खळबळायचा, घासायचा नाही. पुढची बाजू पुढंच राहील अशी दिशा बघून खाचेत बसवायचा, रुमालावर दात दाबून धरायला सांगायचं आणि निघायचं. बसवायला हात धजला नाही तर दात दुधात बुडवून न्यायचा. साध्या पाण्यात ठेवायचा नाही, रुमालात गुंडाळून तर मुळीच नाही. मुळावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो. तो कोरडा राहिला तर तासाभरात मरतो आणि मग दात बसवला तरी टिकण्याची आशा फार कमी.

हे ऐकताना आई फोनमध्ये लिहून घेते. बाबा विचारतात, “म्हणजे दुधाचा दात असेल तर बसवायचा नाही, पक्का असेल तर बसवायचा. पण घाईत ओळखायचा कसा?” प्रश्न रास्त आहे. सहा वर्षांखालच्या मुलाचा पुढचा दात जवळपास नेहमी दुधाचा. पक्का दात रुंद असतो, त्याची कड नव्या करवतीसारखी किंचित दातेरी असते, मूळ लांब. तरीही शंका आली तर दुधात घालून घेऊन या आणि ठरवायचं काम माझ्यावर सोडा. तेवढ्या वेळात कुणी कुणाला “लक्ष कुठं होतं” विचारत बसू नका, गाडी काढा.